मौनाचा अर्थ कोणी लावावा?

एखादी राजवट जाते तेव्हा दप्तरे, इमारती आणि तिजोरीच्या किल्ल्या नव्या सत्तेच्या हाती देऊन जाते. माणसे मात्र अशी यादीवर घेऊन सोपविता येतात काय, हा प्रश्न हाँगकाँगच्या उदाहरणावरून विचारात घेण्याजोगा आहे.

19 डिसेंबर 1984 रोजी ब्रिटन व चीन यांच्यात करार झाला आणि 1 जुलै 1997 ही हस्तांतरणाची तारीख ठरली. 1981 च्या कायद्याने तेथील ब्रिटिश प्रजाजन ‘अवलंबित प्रदेशांचे नागरिक’ ठरले होते. पारपत्र ब्रिटिश, पण ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नाही. तोही दर्जा आता संपणार होता. त्याऐवजी 1987 पासून ‘ब्रिटिश राष्ट्रिक (सागरपार)’ हा नवा दर्जा आला. तो अर्ज केल्यावाचून मिळत नसे. 1993 पासून जन्मवर्षांचे गट पाडून एकेका गटास मुदत देण्यात आली. लक्षावधी अर्ज हातावेगळे करावयाचे तर असे टप्पे हवेतच. शासकीय सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हांस ते पटते.

परंतु सोय आणि न्याय एकच नव्हेत. 1990 च्या कायद्याने 50,000 कुटुंबप्रमुखांस, त्यांच्या कुटुंबीयांसह, पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व देऊ केले. निवडीसाठी वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजीचे ज्ञान यांना गुण होते. हेतू असा की, खिशात पारपत्र आहे या भरवशावर कर्तबगार माणसे हाँगकाँग सोडणार नाहीत. राज्यकारभाराच्या दृष्टीने ही युक्ती बिनतोड म्हणावी लागेल. तथापि ज्यांना जगातील कोणताही देश सहज घेईल त्यांनाच प्रथम आश्रय मिळावा, हे विपरीत नव्हे काय?

याउलट तेथील काही हजार बिगरचिनी रहिवाशांची स्थिती होती. त्यांत बहुसंख्य भारतीय वंशाचे होते. चीनच्या दृष्टीने ते चिनी नव्हते आणि अनेकांपाशी दुसरे नागरिकत्व नव्हते. त्यांना आधी जे दर्जे देऊ केले होते, त्यांत नाव होते, घर नव्हते. दीर्घ मागणीनंतर 1997 च्या कायद्याने त्यांना ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणीचा हक्क मिळाला. येथे कसोटी उपयुक्ततेची नसून गरजेची होती, म्हणून हा कायदा आम्ही श्रेष्ठ मानतो.

आता मौनाचा विचार करू. गोवा मुक्त झाला तोही 19 डिसेंबरच, साल 1961. 1962 च्या नागरिकत्व आदेशानुसार जो गप्प राहिला तो भारतीय नागरिक झाला. पूर्वीचे नागरिकत्व राखावयाचे असेल त्याने महिन्याभरात लेखी कळवावयाचे होते. हाँगकाँगात जो गप्प राहिला त्याचा ब्रिटिश दर्जा सहसा गेला. दोन्हीकडे माणूस गप्पच होता. त्याच्या मौनाचा अर्थ मात्र कारकुनाच्या मेजावर ठरला. गप्प राहणाऱ्यांत निर्धार केलेले थोडे असतात. आजारी, निरक्षर, परगावी असलेले आणि ‘या कागदाचा काय उपयोग’ म्हणणारे पुष्कळ असतात.

त्या कागदाचा उपयोग पुढे कळला. 31 जानेवारी 2021 पासून ब्रिटनने या ‘सागरपार’ राष्ट्रिकांस तेथे राहण्याचा व पुढे स्थायिक होण्याचा मार्ग खुला केला. एकाच घरातील दोन भावांपैकी ज्याने पूर्वी रांगेत उभे राहून अर्ज भरला, त्याला स्वतःच्या हक्काने दार उघडले. ज्याने मुदत चुकविली, त्याला नाही. दोघांच्या योग्यतेत काडीचाही फरक नव्हता.

मुदत नको, असे आमचे म्हणणे नाही. मुदतीवाचून कोणतेही काम तडीस जात नाही. परंतु हक्क मागण्याची मुदत संपली म्हणजे तो देण्याचे कर्तव्यही संपले, असे मानू नये. ज्या सत्तेने माणसाला आपला म्हटले, तिने जाताना तो गप्प का राहिला हे विचारण्याइतके तरी थांबले पाहिजे. आणि ज्याच्या हाती शिक्का आहे त्याने, नियम सांभाळूनच, रांगेत न आलेल्या माणसाची आठवण ठेवावी.