धीर द्यायचा म्हणजे काय करायचे?

आजाऱ्याला भेटायला गेलो, दुःखाच्या घरी बसायला गेलो, नोकरी गेलेल्या शेजाऱ्याची विचारपूस केली, की आपल्या तोंडून एक वाक्य हमखास निघते : 'धीर धरा, देव आहे.' वाक्य खोटे नाही. आपल्या श्रद्धेचा तो पायाच आहे. पण त्या घराचा उंबरठा ओलांडून बाहेर पडल्यावर आपण स्वतःला क्वचितच विचारतो, की त्या माणसाला खरोखर धीर मिळाला का? की आपण फक्त आपले कर्तव्य उरकून आलो?

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात योसेफ नावाचा सायप्रसचा एक लेवी भेटतो. प्रेषितांनी त्याचे नाव बर्णबा ठेवले. धीर देणारा, समाधान करणारा पुत्र असा त्या नावाचा अर्थ. एवढे मोठे नाव मिळवणाऱ्या या माणसाच्या तोंडचा एकही शब्द तेथे लिहिलेला नाही. त्याने आपले शेत विकले आणि आलेले पैसे प्रेषितांच्या चरणांशी आणून ठेवले, एवढेच लिहिले आहे. शब्द बोलण्याआधी त्याने स्वतःचे काहीतरी खर्च केले होते. धीर देणे म्हणजे काय, या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी आज आम्ही वाचकांना एका लुथरन पाळकाच्या घरी नेणार आहोत.

आपल्या धर्मगुरूंचे जीवन ब्रह्मचर्याचे. लुथरन पंथात मात्र पाळक विवाह करतात. त्यामुळे तेथे पाळकाची सेवा एकट्या पाळकाची राहत नाही, ती सगळ्या घराची होते. दारावर केव्हाही थाप पडते. जेवायला किती माणसे असतील हे गृहिणीला ठाऊक नसते. मुले लोकांच्या नजरेखाली वाढतात. अशा घरात श्रद्धा टिकते कशी, हे पाहणे आपल्यालाही उपयोगाचे आहे, कारण दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1964 साली आपल्या प्रत्येक कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले आहे.

जॉन फ्रेडरिक ओबरलिन यांचा जन्म 1740 साली स्ट्रासबर्ग शहरात झाला. 1767 साली ते अल्सासमधील व्होज डोंगरांत वाल्डर्सबाख या गावी पाळक म्हणून गेले आणि 1826 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे 59 वर्षे, तेथेच राहिले. डोंगराळ, खडकाळ मुलूख. जमीन नापीक, रस्ते नाहीत, हिवाळा लांबलचक, लोक अतिशय गरीब. व्यासपीठावरून 'धीर धरा' असे सांगायला जागा भरपूर होती. ओबरलिन यांनी लोकांना रस्ता बांधायचे सुचवले. लोक म्हणाले, हे आपल्याच्याने होणार नाही. तेव्हा पाळकसाहेबांनी स्वतः कुदळ खांद्यावर घेतली आणि खडक फोडायला सुरुवात केली. हळूहळू लोक मागोमाग आले. रस्ता झाला, ब्रुश नदीवर पूल झाला. पुढे बटाट्याचे चांगले बियाणे आले, फळझाडे लागली, गरजूंसाठी कर्जाचा निधी उभा राहिला.

परंतु कुदळीची गोष्ट सांगताना घरातल्या बाईमाणसांना विसरणे हा मोठा अन्याय ठरेल. ओबरलिन यांच्या पत्नी माडलेन-सालोमे यांनी घर, मुलेबाळे आणि लहानग्यांच्या शाळांचा भार उचलला. आईवडील शेतावर गेले की लहान मुले रानोमाळ भटकत. सारा बान्झे नावाच्या एका तरुणीने त्यांना एकत्र बसवून विणकाम शिकवायला सुरुवात केली होती. या घराने ते काम आपले मानले आणि गावोगावी विणकामाच्या खोल्या सुरू झाल्या. हात विणायचे, कान बायबलमधल्या कथा ऐकायचे, डोळे झाडापानांची ओळख करून घ्यायचे. बालवाडीच्या इतिहासात या खोल्यांचा उल्लेख आजही आदराने होतो.

याच घरात लुईज शेप्लर ही शेजारच्या गावची मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असताना कामाला आली. 1783 साली माडलेन-सालोमे वारल्या. मागे लहान लहान मुले राहिली. लुईजने त्या मुलांना आईच्या मायेने वाढवले, शाळाही चालवल्या. पुढे तिने ओबरलिन यांना कळवले, की आपल्याला पगार नको, या घरची मुलगी म्हणून राहू द्यावे. 1829 मध्ये फ्रेंच अकादमीने सद्‌गुणांसाठी दिले जाणारे मोंतियों पारितोषिक या मोलकरणीला दिले. तिला श्रद्धा कोणी घोकून घेऊन शिकवली नव्हती. कामात बरोबरीने सामील करून घेतल्याने ती तिच्यात उतरली.

येथे कोणी विचारील, की हे सारे कर्म झाले, श्रद्धा कोठे आहे? या एका प्रश्नावर कॅथॉलिक आणि लुथरन शतकानुशतके एकमेकांशी भांडले. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे दोन्ही बाजूंनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्याचा सारांश असा, की देव आपल्याला स्वीकारतो तो त्याच्या कृपेने, आपल्या पुण्याईच्या मोबदल्यात नव्हे. आणि ही कृपा लाभलेला माणूस सत्कर्मे केल्यावाचून राहत नाही. कुदळ ही स्वर्गाची किंमत नव्हे. ती कृतज्ञतेचे फळ आहे. हे ध्यानात ठेवले तर काम करणारा गर्विष्ठ होत नाही आणि काम न जमणारा निराश होत नाही.

आता त्या घराच्या कठीण परीक्षेकडे वळू. 20 जानेवारी 1778 रोजी, ऐन हिवाळ्यात, याकोब लेन्झ नावाचा 26 वर्षांचा कवी वाल्डर्सबाखला आला. महाकवी गटे याचा तो एके काळचा मित्र. त्याचे मन आजारी होते. आणि लेन्झ हासुद्धा लुथरन पाळकाचाच मुलगा होता! दूर लिव्होनियात त्याचे वडील मोठे धर्माधिकारी होते. मुलाने आपल्याच वाटेने यावे, ही त्यांची इच्छा. मुलाने धर्मशास्त्राचा अभ्यास अर्धवट सोडला आणि लेखणी धरली. बापलेकांत अंतर पडले ते पडलेच.

ओबरलिन यांनी या पाहुण्याला घरात घेतले. रविवारी आपल्या व्यासपीठावरून प्रवचनही करू दिले. खचलेल्या माणसाला विश्वासाने एखादे काम सोपवणे, हा धीर देण्याचा फार मोठा प्रकार आहे. पण थोड्याच दिवसांत लेन्झचा आजार बळावला. रात्री तो स्वतःला इजा करून घेऊ लागला. माणसे त्याच्याजवळ जागत बसली. अशा वेळी ओबरलिन यांनी त्याला उपदेशही केला, की आईवडिलांचा मान राख. एवढेच नव्हे, तर नंतर लिहिलेल्या हकिगतीत त्यांनी या आजाराचा संबंध वडिलांची आज्ञा मोडण्याशीही जोडला. अखेर 8 फेब्रुवारीला सोबत माणसे देऊन लेन्झला स्ट्रासबर्गला पाठवावे लागले. तो पुरता बरा कधीच झाला नाही. 1792 साली मॉस्कोत त्याचा अंत झाला.

ओबरलिन यांच्यासारख्या सत्पुरुषाला दोष देण्याचा आमचा अधिकार नाही. त्या काळी मनाच्या आजाराविषयी फारसे ज्ञान नव्हते. तरीही या प्रसंगातून आपण शिकले पाहिजे. आईवडिलांचा सन्मान करा, ही चौथी आज्ञा पवित्र आहे. पण बुडणाऱ्याच्या गळ्यात आज्ञेची पाटी अडकवली तर तो वर येईल का? जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, असे विचारले, तेव्हा प्रभू येशूने ना त्याला दोषी ठरवले ना त्याच्या आईबापांना. आजही नैराश्याने ग्रासलेल्या मुलाला 'तुझी प्रार्थना कमी पडते' असे सांगणारे लोक आपल्यात आहेत. प्रार्थना हवीच. पण त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जाणारा, रात्री त्याच्या उशाशी जागणारा माणूसही हवा. वाल्डर्सबाखच्या त्या घरातला उपदेश लेन्झच्या कामी आला नाही. पण त्याच्याजवळ जागून काढलेल्या रात्री देवाच्या हिशेबात वाया गेल्या असतील, असे आम्हांला वाटत नाही. धीर देणे सफल झाले की नाही, यावर त्याचे मोल ठरत नाही.

संत पौलाने कलस्सैकरांस पत्र लिहिताना मुलांना आज्ञापालन सांगितले आणि लगेच पुढच्याच ओळीत बापांनाही बजावले, की मुलांना चिडीस आणू नका, नाहीतर ती खचून जातील. आपण पहिली ओळ मुलांना वाचून दाखवतो. दुसरी स्वतःसाठी वाचतो का? मुलगा आपल्या धंद्यात आला नाही, मुलगी आपण ठरवलेल्या वाटेने गेली नाही, कोणी सेमिनरीतून परत आला, म्हणून आपल्या कितीतरी घरांत बोलणे बंद झालेले आहे. श्रद्धा ही सातबाऱ्यावरच्या जमिनीसारखी वारसाहक्काने नावावर होत नाही. रोझरीच्या वेळी मुलाला गुडघ्यावर बसवता येते, पण त्याच्या मनात काय चालले आहे ते ऐकून घेतल्याशिवाय त्याचे मन बसत नाही. लिव्होनियातल्या घरात आज्ञा भरपूर होती, प्रार्थनाही असेल. पण खचून गेलेल्या मुलाला घराकडे वळावेसे वाटले नाही.

आणखी एक प्रश्न आम्ही धर्मग्रामापुढे ठेवतो. ओबरलिन थकून घरी आले की घरात माडलेन-सालोमे होत्या, नंतर लुईज होती. आपले धर्मगुरू थकून येतात तेव्हा त्यांच्या खोलीत कोण असते? सर्वांना धीर देणाऱ्याला धीर कोणी द्यायचा? प्रवचन लांबले की आपण लगेच कुरकुर करतो. चांगले झाले तर किती जण थांबून तसे सांगतात? त्यांनी प्रभूसाठी स्वतःचा संसार मांडला नाही, याचा अर्थ त्यांना घर नको असे नव्हे. त्यांचे घर आपण आहोत. एखादे काम त्यांनी सांगण्याआधी अंगावर घेणे, त्यांच्या आजारपणात चौकशी करणे, त्यांच्या वृद्ध आईवडिलांची आठवण ठेवणे, हे आपल्याला नक्कीच जमेल.

बंधुभगिनींनो, या आठवड्यात आपण प्रत्येकाने एकच करू या. ज्याला आपण नुसते 'धीर धरा' म्हणून आलो, त्याच्या घरी पुन्हा एकदा जाऊ. या वेळी उपदेश घरी ठेवू. त्याच्या कामातले एखादे काम आपल्या हातात घेऊ, किंवा नुसते शेजारी बसू. ज्या मुलाशी बोलणे थांबले आहे, त्याला आपण होऊन फोन करू आणि आधी त्याचे ऐकू. जो सर्व सांत्वनाचा उगम आहे, तो परमेश्वर आपल्या दोन हातांना त्यासाठी बळ देवो.