पाणी दिलं कुणी?

जुन्नरहून आपटाळ्यावरून चावंड गाव गाठायचं, रेलिंगला धरून कातळातल्या पायऱ्या चढायच्या. माथ्यावर आलं की दोन तऱ्हेचं पाणी भेटतं. एक गडावरच्या कोरीव टाक्यांमधलं. दुसरं खाली, माणिकडोह धरणामागे डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेलं. दोन्ही पावसाचंच, पण एकाला देवीचं नाव आहे, दुसऱ्याला प्रकल्पाचं.

गडावरच्या सात टाक्यांना सप्तमातृकांची टाकी म्हणतात: ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी, चामुंडा. माथ्यावर चामुंडेचं देऊळ आहे आणि चावंड हे नावही तिच्यावरूनच आलेलं. आई पाजताना लेकराचं कूळ विचारत नाही, तसंच या टाक्यांचंही. निजामशाहीचा वारस बहादूर लहानपणी याच गडावर कैदेत होता; पुढे मराठ्यांची शिबंदी इथे राहिली. १८१८ मध्ये इंग्रजांनी गडाची वाट मोडली. टाकी मात्र राहिली.

मग पाणी पवित्र होतं ते कशाने? देवीच्या नावाने, की देणाऱ्याच्या इच्छेने?

या प्रश्नाचं एक फार जुनं उत्तर जुन्नरच्या लेण्यांतच कोरलेलं आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी इरिल नावाच्या एका यवनाने इथे दोन ‘पोढी’ दिल्या. पोढी म्हणजे टाकं. लेखात त्या दानाला शब्द आहे ‘देयधम्म’: धर्म म्हणून द्यायची वस्तू. नाणेघाटाच्या व्यापारी वाटेवरच्या या गावात परदेशी मूळ सांगणारा माणूस भिक्खूंसाठी कातळ खोदून घेतो आणि ते आपण दिलं, हे नावानिशी नोंदवतो. त्या नावात मिरवण्याची हौस असेलही. तरी नाव असल्यामुळेच दान खरं ठरतं, कारण देणारा तिथे उभा आहे. त्याने ठरवलं आणि मग दिलं.

खालच्या पाण्याचं तसं नाही. माणिकडोह, डिंभे, वडज, येडगाव आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. त्यांचं पाणी कालव्यांनी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. कोरड्या रानात पोचलेल्या या पाण्याचं मोल कमी लेखणं पाप होईल. पण घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे, ते जुनं आंबेगावच पाण्याखाली गेलं. आज तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. बुडालेल्या जमिनींत महादेव कोळ्यांची भातखाचरं होती. याला भाषणांत ‘त्याग’ म्हणतात. हा शब्द ज्याचं गेलं त्यानेच उच्चारायचा असतो; दुसऱ्याने त्याच्या वतीने उच्चारला की तो घेण्याला दिलेला गोड मुलामा होतो.

दान म्हणजे काय, हे याच लोकांना पक्कं ठाऊक आहे. आंबेगावच्या पश्चिम भागात ‘पडकई’ची रीत आहे. उतारावर एकाचं खाचर घडवायचं तर शेजारी एकत्र येतात, दगड रचून बांध घालतात. आज याच्या रानात, उद्या त्याच्या. आधी विचारणं होतं, मगच हात लागतो.

इरिलाप्रमाणे या धरणांच्या भिंतींवरही दात्यांची नावं कोरायची झाली, तर आधी बुडालेल्या गावांची यादी करावी लागेल. मग एकेका घराच्या दारात जाऊन विचारावं लागेल: तुम्ही दिलंत का? ज्या घरातून ‘नाही’ येईल, त्या घराचं नाव दानाच्या लेखात घालता येणार नाही.