केण्याची वेळ

भाद्रपदात उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधून स्टेशनकडे निघालं, की वालधुनी नदीच्या काठाला, कंपाउंडच्या भिंतीलगत, रुळांच्या कडेला सगळीकडे हिरवं माजलेलं असतं. जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं हे शहर. २०११ च्या जनगणनेतच इथली वस्ती पाच लाखांच्या वर गेली होती. तरीही पावसाळा आला, की जिथे म्हणून वीतभर माती उघडी आहे तिथे काहीतरी उगवतंच. आपण त्याला सरसकट गवत म्हणतो. त्यात केणा असतो. नखाएवढं निळं फूल. ते सकाळी उमलतं आणि दुपार होईतो मिटून जातं. उद्या त्याच्या शेजारचं दुसरं उमलतं. म्हणजे हे फूल बघायची वेळ आणि आपली कामावर निघायची वेळ एकच. रविवारी दुपारी सवडीने जाऊन बघू म्हटलं, तर ते भेटत नाही. सकाळच्या लोकलसाठी निघालेल्या माणसालाच ते भेटतं, आणि हे मला फार आवडतं. घरातून पाच मिनिटं आधी निघता आलं, तर ती पाच मिनिटं इथे द्यावीत. वाटेवरचं एक रोप निवडावं. उद्याही तेच, परवाही तेच.

पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. त्यात काही बिघडत नाही. डोळ्यांना सवय लागायला थोडे दिवस जातात. मग एकेक गोष्ट कळू लागते. टाकळा घ्या. हा आपल्याला भाजी म्हणून ठाऊक. कर्जत-बदलापूरकडच्या ठाकर-कातकरी बाया पहिल्या पावसानंतर त्याच्या कोवळ्या पाल्याचे वाटे लावून बसतात. पाला जून झाला की आपण त्याला विसरतो, आणि नेमकी तेव्हाच त्याला पिवळी फुलं यायला लागतात. या फुलात मध नसतो. असतो तो पराग, आणि तोही मिठाच्या डबीसारखा, टोकाच्या बारीक भोकांमधून हलवून काढावा लागतो. भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख न हलवता सगळं अंग थरथरवतो, आणि परागाचा फवारा बाहेर येतो. त्या वेळी त्याचा आवाज बदलतो. उडतानाची गुणगुण वेगळी, फुलावरची वेगळी. शेजारून गाडी जात नसेल, तर हा फरक साध्या कानांनाही कळतो. मध देणाऱ्या आपल्या सातेरी किंवा आग्या माशीला ही थरथर जमत नाही. टाकळ्याभोवती छोटी पिवळी फुलपाखरंही असतात, पण ती फुलांपेक्षा पानांवर जास्त घुटमळतात. त्यांना अंडी घालायची असतात. अंड्यांतून निघणाऱ्या अळ्यांचं पोट याच पानांवर भरतं. टाकळ्याचं पान कुरतडलेलं दिसलं तर वाईट वाटून घेऊ नये. कुणाचं तरी बाळ तिथे वाढलेलं असतं. प्रौढ फुलपाखरांना मध हवा असतो. त्यासाठी पलीकडे एकदांडी आहे, जिला आपल्याकडे दगडी पाला म्हणून जखमेवर चोळून लावतात. ती मूळची मध्य अमेरिकेतली. आता इथल्या भिंतीभिंतीशी दिसते, आणि छोट्या फुलपाखरांना तिचा मोठा आधार आहे. गौरीच्या दिवसांतला तेरडा तर घरोघरी ओळखीचा. त्याच्या फुलामागे शेपटीसारखी बारीक नळी असते, मध तिच्यात असतो. आणि ज्या केण्यापासून सुरुवात केली, तो मातीखालीही फुलतो! त्या फुलांकडे कुणी कीटक जात नाही. ती न उमलताच बी धरतात. वरच्या फुलांना पावसाने झोडपलं, गुरांनी खाल्लं, तरी खाली बियांची तजवीज झालेली असते.

हे सगळं एका दिवसात दिसत नाही, आणि रोज नवी जागा शोधत हिंडणाऱ्यालाही दिसत नाही. कासच्या पठाराला जरूर जावं. इंदापूरजवळच्या कडबनवाडीचं माळरानही बघावं. पण तिथे आपण पाहुणे असतो. आपल्या वाटेवरच्या हातभर गवताला आपण रोजचे असतो, म्हणून कालच्यापेक्षा आज काय बदललं हे आपल्यालाच कळतं. ब्रिटनमध्ये २०१७ पासून साधी माणसं एक सोपं काम करताहेत. अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद एवढाच तुकडा घ्यायचा, दहा मिनिटं बसायचं आणि फुलांवर किती कीटक आले ते मोजून कळवायचं. शास्त्रज्ञांना त्याचा उपयोग होतो, कारण लक्ष देणारे डोळे पुष्कळ असले तरच कीटकांच्या संख्येतले बदल ध्यानात येतात. आपल्याकडचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ मध्ये जुनं मराठी साहित्य आणि लोकगीतं चाळून पश्चिम महाराष्ट्राच्या माळरानांचा इतिहास मांडला. त्यांना ४४ रानवनस्पतींचे उल्लेख सापडले, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक मोकळ्या माळावर वाढणाऱ्या निघाल्या. म्हणजे ही माळरानं जंगल तोडून उजाड झालेली नाहीत. निदान साडेसातशे वर्षं ती अशीच आहेत. हे उल्लेख करणारे कुणी वनस्पतींचे अभ्यासक नव्हते. बोरी-बाभळी, गवत, गुरांची वाट हे त्यांचं रोजचं जगणं होतं, म्हणून ते त्यांच्या बोलण्यात आलं आणि आज पुरावा म्हणून उभं राहिलं. आपण मात्र जे रोजचं आहे ते ‘माहीत आहे’ म्हणून बघायचं सोडतो. घरातल्या माणसांच्या बाबतीतही हेच घडतं. पण ज्याने सकाळी पाच मिनिटं केण्याकडे नीट बघितलेलं असतं, त्याची नजर दिवसभर थोडी जागी राहते. संध्याकाळी आईचं पाऊल आज जरा जड पडतंय, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

तेव्हा आज निघताना एवढंच करावं. गवतात शिरू नये, कडेलाच उभं राहावं. आत सापकिरडू असू शकतं, आणि खाजकुयलीच्या शेंगा अंगाला लागल्या तर दिवसभर आग होते. फोन पिशवीत राहू द्यावा. नावं आली नाहीत तरी चालेल. ‘पांढऱ्या ठिपक्यांची काळी माशी, दोनदा आली’ एवढं ध्यानात राहिलं तरी पुष्कळ झालं. गाडीत बसायला मिळालं तर एक ओळ लिहून ठेवावी. देशभरातले फुलपाखरूवेडे लोक २०२० पासून सप्टेंबर हा फुलपाखरांचा महिना म्हणून पाळतात. पावसाची उघडीप आणि कोवळं ऊन मिळतं, म्हणून सुरुवातीला हा महिना सर्वांत सोपा. पुढे ऑक्टोबरच्या उन्हात केणा आणि तेरडा सुकतील. बदलापूर-अंबरनाथकडे डोंगरउतारांवर तेव्हा कुसळी गवत पिकलेलं असेल. त्याच्या बीला पीळ पडलेली लांब काडी असते. रात्रीच्या दवाने पीळ सुटतो, दिवसाच्या उन्हाने पुन्हा बसतो, आणि असं वळत वळत बी मातीत शिरतं. सुट्टीच्या दिवशी तिकडे गेलात तर कपड्यांना ही कुसळं अडकतीलच. वैतागून झटकू नका. एखादं सुकं कुसळ घरी आणून थेंबभर पाणी लावा आणि ताटलीत ठेवा. ते आपोआप फिरू लागतं. घरात मुलं असतील तर त्यांना आधी बोलवा.