गिल्बर्ट स्कॉट आणि कसब्यातला जीर्णोद्धार

सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट (१८११–१८७८) हा एकोणिसाव्या शतकातला इंग्लंडचा सर्वांत व्यग्र चर्च-वास्तुकार. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर ही त्याची आपल्याकडची कामं. तो स्वतः मुंबईला कधीच आला नाही. नकाशे लंडनहून आले, कुर्ल्याचा दगड इथला होता, आणि टॉवरवरच्या पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या मूर्ती मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याने घडवल्या. सभागृहात टोकदार कमानी आहेत, बारा राशींची गोल खिडकी आहे, आणि चर्चमध्ये जिथे वेदी असते त्या अर्धगोलात पदवीदानाचं व्यासपीठ आहे. जन्मभर चर्च बांधणाऱ्याच्या हातून विद्येचं घरही देवघरासारखंच झालं. मला ते फार आवडतं.

पण पुण्याच्या कसबा पेठेत स्कॉटची आठवण काढायची ती या इमारतींसाठी नव्हे. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग जुन्या चर्चांच्या जीर्णोद्धारात गेला. आपल्याकडे एखाद्या देवळाच्या जीर्णोद्धाराची बैठक बसते तेव्हा जो पेच समोर असतो, तोच त्याला आयुष्यभर पुरला.

बकिंगहॅमशरमधल्या एका खेड्यातल्या धर्मोपदेशकाचा हा मुलगा. सुरुवातीची कमाई निराधारांच्या वर्कहाउसांच्या इमारती बांधून झाली. मग गॉथिकचा कैवार घेणाऱ्या वास्तुकार प्यूजिनच्या लेखनाने तो झपाटला आणि मध्ययुगीन गॉथिक शैली त्याची श्रद्धा बनली. हॅम्बुर्गचं सेंट निकोलस चर्च १८४२ च्या आगीत जळालं होतं. नव्याचं काम स्पर्धेतून स्कॉटला मिळालं. त्याचा १४७ मीटरांचा मनोरा १८७४ मध्ये पुरा झाला तेव्हा जगात त्याहून उंच इमारत नव्हती. आठशेहून अधिक इमारतींशी स्कॉटचं नाव जोडलेलं आहे. १८४९ पासून वेस्टमिन्स्टर ॲबीची देखरेख त्याच्याकडे होती. ईली, लिचफील्ड, हेरफर्ड, वुस्टर, सॉल्सबरी या कॅथीड्रलांतही त्याने काम केलं. सेंट ऑल्बन्सचा मनोरा १८७० मध्ये कोसळायच्या बेतात होता, तो त्याने वाचवला. हे ऋण मान्य केल्याशिवाय त्याच्यावर टीका करणं अन्यायाचं होईल.

त्याची चूक वेगळी होती. जुन्या चर्चांचा जीर्णोद्धार मुळाशी इमान राखून व्हावा, असं आवाहन त्याने १८५० मध्ये पुस्तक लिहून केलं, आणि ते मनापासून केलं. तरीही एखाद्या इमारतीचा एक काळ उत्तम, असं एकदा मनाने घेतलं की नंतरच्या पिढ्यांनी केलेलं सगळं अडगळ वाटू लागतं. ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॅथीड्रलमध्ये पूर्वेची उत्तरकालीन खिडकी काढून त्याने तिथे आधीच्या नॉर्मन शैलीची नवी रचना केली. त्यात बराच भाग तर्काचा होता. १८७७ मध्ये ट्यूक्सबरी ॲबीचं काम त्याच्याकडे जात असल्याचं कळताच कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने जाहीर पत्र लिहिलं आणि त्याच महिन्यात प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन झाली. मॉरिसचं म्हणणं साधं होतं: रोजची निगा राखा, गळती थांबवा, आणि गेलेलं परत आणल्याचा आव आणू नका. पुढच्या मार्चमध्ये स्कॉट वारला.

हा वाद भारतात आला तो इथल्या पुरातत्त्व खात्याचा प्रमुख जॉन मार्शल याच्या हातून. १९०४ चा स्मारकरक्षण कायदा त्याच्याच कारकिर्दीतला, आणि १९२३ च्या त्याच्या संवर्धन-पुस्तिकेत मॉरिसचीच भूमिका आहे. शनिवारवाड्यात १८२८ च्या आगीनंतर जोती उरली. पुरातत्त्व खातं तिथे महाल पुन्हा उभारत नाही, त्यामागे ही परंपरा आहे. शनिवारवाड्याजवळच लाल महाल आहे. शहाजीराजांचा मूळ वाडा केव्हाच नाहीसा झाला. आजची वास्तू महापालिकेने १९८४ ते १९८८ मध्ये उभारली. जिजाऊ आणि बालशिवाजी यांचं स्मारक म्हणून तिथे माझा माथा नमतो. पण सहलीला आलेली मुलं हाच तो वाडा समजून परततात, आणि ते मला खटकतं. तिथे बांधकामाचं वर्ष दारातच ठळक दिसायला हवं.

देवळांचा प्रश्न याहून अवघड आहे. शनिवारवाड्यात कुणी राहत नाही; देवळात रोज अभिषेक होतो, समया तेवतात, गणेशोत्सवात रांगा लागतात. नांदत्या देवळाला मॉरिसचं सोवळं पुरेसं पडत नाही. खांब कुजला तर तो बदलावाच लागेल. मात्र त्या निमित्ताने सागवानी सभामंडपच जातो, दगडी फरशीवर ग्रॅनाइट येतं, कोरीव लाकडावर तैलरंग चढतो, चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा बसतो. चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती आत कोंडतं. दहा-वीस वर्षांत दगड पापुद्रे सोडू लागतो. हे करणारी माणसं भक्तीनेच वर्गणी काढतात. स्कॉटही भक्तच होता, आणि त्याच्या हाताशी अभ्यास होता, मोजमापं होती. आपल्या बैठकीत बहुतेक वेळा तेही नसतं. ठेकेदाराचा अंदाजखर्च तेवढा असतो.

शिवाय कसब्यात कुठला काळ मूळ मानायचा? इथल्या उत्खननात सातवाहनकाळापर्यंतचे अवशेष मिळाले आहेत. त्यावर शिवकाळ, पेशवाई, इंग्रजी अमदानीतले ओतीव लोखंडाचे कठडे, मग साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणा भाविकाने नाव घालून बसवलेल्या लाद्या. त्यातला एकच थर खरा आणि बाकीचे उपरे, असं ठरवण्याचा अधिकार कुणालाच नाही. लादीवरचं ते नावसुद्धा देवळाच्या इतिहासाचा भाग आहे.

म्हणून माझी मागणी लहान आहे. कुठल्याही देवळाला किंवा वाड्याला हात लावण्याआधी त्याची मोजमापं आणि छायाचित्रं घेतली जावीत आणि ती पेठेतल्या लोकांना पाहता यावीत. बदललेल्या खांबावर बदलाचं साल कोरलं जावं, शक्यतो तो घडवणाऱ्या सुताराच्या नावासह. पहिला खर्च छपराची कौलं आणि पन्हाळी यांवर व्हावा, कारण जुनी वास्तू बहुधा पाण्याने मरते. वर्गणीतला थोडा भाग दर पावसाळ्याआधीच्या डागडुजीसाठी बाजूला राहिला, तर सगळा मंडप उतरवण्याची वेळ पुष्कळ ठिकाणी येणारच नाही.