दुसऱ्या आठवड्याचा प्रेक्षक

चित्रपट शुक्रवारी लागतो आणि रविवारी रात्रीचा शेवटचा खेळ सुटेपर्यंत त्याचा निकाल लागलेला असतो. सोमवारी कमाईचे आकडे येतात, मंगळवारी खेळ कमी होतात आणि पुढच्या शुक्रवारी त्या पडद्यावर दुसराच चित्रपट असतो. या तीन दिवसांच्या हिशेबात माढा तालुक्यातल्या कुर्डुवाडीचा प्रेक्षक जवळजवळ नसतोच. चार नव्या चित्रपटांतून एक निवडायची सोय हवी असेल, तर त्याला रेल्वेनं सुमारे ८० किलोमीटरवरचं सोलापूर गाठावं लागतं. एका घरातली चार माणसं निघाली की तिकिटं, गाडीभाडं आणि बाहेरचं खाणं मिळून एका चित्रपटाला चांगलाच पैसा लागतो. म्हणून तो आधी विचारतो, "कसाय पिच्चर?" पुण्यात शिकणारा भाचा शुक्रवारीच बघून आलेला असतो, हुतात्मा एक्स्प्रेसनं ये-जा करणारा शेजारी त्यात दोन वाक्यांची भर घालतो आणि मग जायचं की नाही ते ठरतं. तोवर दुसरा आठवडा उजाडलेला असतो.

हौशी प्रेक्षकाचं हे मत चित्रपट व्यवसायात 'माउथ पब्लिसिटी' म्हणून मोजलं जातं आणि समीक्षेत कच्चं म्हणून सोडून दिलं जातं. या दोन्ही ठिकाणी त्याच्यावर अन्याय होतो. हे मत जाहिरात नाही. त्यामागे अनेकदा असं ज्ञान असतं, जे पडद्यावरच्या प्रकाशयोजनेबद्दल चार परिच्छेद लिहू शकणाऱ्या माणसाकडे नसतं.

हे ज्ञान कसलं, हे सोलापूर जिल्ह्यात फार स्पष्ट दिसतं. कुर्डुवाडीहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केम आणि जेऊर ही स्टेशनं लागतात. जेऊर हे 'फँड्री' आणि 'सैराट'चे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचं गाव, तर 'फँड्री'तला जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे केमचा. 'सैराट'ची आर्ची, रिंकू राजगुरू, अकलूजची आणि त्या चित्रपटातली विहीर करमाळ्याची. 'फँड्री' २०१४च्या फेब्रुवारीत आणि 'सैराट' २०१६च्या एप्रिलमध्ये आला, तेव्हा या पट्ट्यातल्या प्रेक्षकाला पडद्यावरची बोली समजून घ्यावी लागली नाही, ती त्याला तपासता आली. उसाचा फड, पाटलाच्या घरातली ऊठबस, शाळेच्या आवारात कोण कुणाशी कसं बोलतं, हे सगळं खरं की खोटं हे सांगायला त्याला कुठल्याही अभ्यासक्रमाची गरज नव्हती.

ही मतं एकसारखीही नव्हती. एकाच गावात एका वस्तीला 'सैराट' आपलं दुःख पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर मांडणारा चित्रपट वाटला, तर दुसऱ्या वस्तीला तो पोरीबाळी बिघडवणारा वाटला. प्रेक्षकाचं मत त्याच्या जातीतून, जमिनीतून आणि घरातल्या धाकातून येतं, हे मान्यच करायला हवं. पण म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. उलट, तो चित्रपट नेमका कुठे लागला हे त्या मतभेदातूनच कळतं. 'फँड्री'च्या शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेनं येतो. तो कुणाला लागला आणि कुणाला नाही, याची नोंद तारांकित परीक्षणात कशी सापडणार?

पुढे २०१८च्या जुलैमध्ये हिंदीत 'धडक' आला. 'सैराट'ची गोष्ट उदयपूरला गेली, घरं मोठी झाली, कपडे उजळले आणि जातीचा काच गोष्टीतून जवळजवळ निघून गेला. शेवटही बदलला. 'सैराट'मध्ये आर्ची आणि परश्या दोघंही मारले जातात आणि लहान मूल मागे उरतं. 'धडक'मध्ये नवरा आणि मूल जातं, नायिका उरते. मूळ चित्रपट मनात घेऊन बसलेल्या इथल्या प्रेक्षकाला 'धडक'मध्ये काय कमी आहे हे सांगायला सिद्धांत लागला नाही. मारणारे का मारतात, हेच त्यात नीट कळत नव्हतं. चित्रपटाबद्दल याहून नेमकं विधान क्वचितच करता येईल. २०२५च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 'धडक २'नं तमिळ 'परियेरुम पेरुमाळ'चा आधार घेतला आणि जात पुन्हा गोष्टीच्या मधोमध आणून ठेवली.

२०२५च्या फेब्रुवारीतल्या 'छावा'ची गोष्ट वेगळी. लक्ष्मण उतेकरांचा संभाजी महाराजांवरचा हा चित्रपट शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला होता आणि शेवटच्या प्रसंगानंतर लोक डोळे पुसत बाहेर पडत होते. सोलापूर जिल्ह्यात हा इतिहास भूगोलासकट जगतो. संभाजी महाराज पकडले गेले तेव्हा औरंगजेबाचा तळ अकलूजला होता. पुढे १६९५ ते १६९९ या काळात त्यानं भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे मंगळवेढ्याजवळच्या माचणूरला, छावणी ठोकली. तो किल्ला आजही उभा आहे. ज्यानं तो पाहिला आहे, त्याला पडद्यावरचा बादशहा मनातल्या चित्राशी ताडून बघता येतो.

पण याच चित्रपटानं न बघता दिलेल्या मताची ताकदही दाखवली. प्रदर्शनाआधी, केवळ ट्रेलरवरून, संभाजी महाराजांच्या लेझीमच्या दृश्याला आक्षेप घेतला गेला आणि दिग्दर्शकानं ते दृश्य काढलं. आक्षेपामागची भावना खरी असेल. तरीही ट्रेलर बघून मागितलेली कात्री आणि तिकीट काढून, तीन तास बसून बनलेलं मत यांत फरक करायलाच हवा. दोन्हींना 'लोकभावना' असं एकच नाव मिळालं की नुकसान होतं ते खऱ्या प्रेक्षकाचं. त्याचं बोलणं आरडाओरड्यात बुडून जातं.

या खऱ्या प्रेक्षकाला वेळ मिळाला तर काय होतं, हे २०२३मध्ये दिसलं. ३० जूनला केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी, त्यांचे रुसवेफुगवे आणि मंगळागौरीची स्पर्धा. रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांच्यासारख्या ज्येष्ठ अभिनेत्री त्यात होत्या, पण व्यवसायाच्या भाषेत ज्याला स्टार म्हणतात तसा एकही नायक नव्हता. पहिल्या आठवड्यापेक्षा दुसऱ्या आठवड्याची कमाई जास्त झाली, असं क्वचितच घडतं. बायका बघून आल्या, त्यांनी जावेला, नणंदेला, भिशीतल्या मैत्रिणींना सांगितलं आणि मग त्यांना घेऊन पुन्हा गेल्या. अनेकींना थेटरात जाऊन बरीच वर्षं झाली होती. "ही तर आमच्याच घरातली गोष्ट" हे त्यांचं मत साधं दिसतं. पण पन्नाशीच्या बाईला मराठी पडद्यावर किती थोडी जागा मिळत आली, याची सगळी तक्रार त्या एका वाक्यात आहे.

अशी संधी 'स्थळ'ला फारशी मिळाली नाही. जयंत सोमलकर यांचा हा चित्रपट चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, तिथल्याच माणसांना घेऊन केलेला आहे. टोरंटोच्या महोत्सवात २०२३मध्ये त्याला पुरस्कार मिळाला आणि मार्च २०२५मध्ये तो महाराष्ट्रात लागला. सुरुवातीलाच बायकांचा घोळका एका मुलाला 'बघायला' बसतो आणि त्याला उंची, शिक्षण, कामधंदा विचारतो. त्यानंतर नायिका सविताला बघायला येणाऱ्यांची खरी रांग सुरू होते. माढा तालुक्यातल्या कुठल्याही घरात हा चित्रपट बघितला, तर पोहे देऊन मान खाली घालून बसलेल्या मुलीबद्दल आई आणि लेक एकमेकींशी जे बोलतील, ते ऐकण्यासारखं असेल. पण अशा चित्रपटाचे खेळ थोडे आणि वेळा गैरसोयीच्या असतात. दुपारी बाराचा खेळ सोलापुरात गाठायला कुर्डुवाडीची नोकरदार बाई रजा कशी टाकणार?

पडद्यांचा हा प्रश्न जुनाच आहे. २०१५मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवण्याची सक्ती जाहीर केली, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. दहा वर्षांनंतर, १८ जुलै २०२५ला, 'सैयारा' आणि 'येरे येरे पैसा ३' एकाच दिवशी लागले. हिंदी चित्रपटाला गर्दी होताच मराठीचे खेळ कमी झाले आणि पुन्हा आंदोलनाची भाषा सुरू झाली. थिएटरमालकाचं म्हणणं चूक नाही. रिकाम्या खुर्च्यांवर वीजबिल निघत नाही. पण प्रेक्षकाला बोलायची उसंत मिळायच्या आत खेळ उतरवला, तर त्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या की नाही, हे कळणार कसं? त्याच वर्षी १२ सप्टेंबरला आलेला 'दशावतार' पडद्यावर टिकला. मालवणी बोलीचा, कोकणातल्या लोककलेचा हा चित्रपट ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांच्या खांद्यावर होता आणि तो देशावरही बघितला गेला, कारण आधी बघून आलेल्यांना सांगायला अवधी मिळाला.

तिकिटाचा भाव हा यातला दुसरा भाग. २३ सप्टेंबर २०२२च्या राष्ट्रीय चित्रपट दिनाला देशभर ७५ रुपयांत तिकीट ठेवलं, तेव्हा थिएटरं भरून वाहिली. लोकांना चित्रपट नकोसे झालेत, ही समजूत त्या एका दिवसात खोटी ठरली. २२ सप्टेंबर २०२५पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. तालुक्याच्या गावातल्या एकपडदा थिएटरांना याचा उपयोग होऊ शकतो. मात्र तिथे नवा चित्रपट वेळेवर पोहोचला पाहिजे आणि पडदा, आवाज, बसायची जागा, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह या गोष्टी नीट असल्या पाहिजेत.

मराठी निर्मात्यांनी आणि वितरकांनी जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी निदान दोन आठवडे, संध्याकाळचा एक खेळ राखून ठेवावा. पहिल्या रविवारच्या आकड्यावर त्याचा निकाल लावू नये. आणि बघून आलेल्या प्रेक्षकानंही "भारी आहे" किंवा "बोअर आहे" एवढ्यावर थांबू नये. कुठला प्रसंग खरा वाटला, कुठे खोटं वाटलं, आपल्या गावात असं घडतं की नाही, हे एका वाक्यात तरी सांगावं. सोलापूरहून परतताना गाडीत तेवढा वेळ नक्की मिळतो.