ना भंगार, ना वारसा

जुन्या पिकअपकडे पाहण्याच्या आपल्याकडे दोनच तऱ्हा रूढ आहेत. गाडी पन्नाशी ओलांडून चकचकीत उभी असेल तर तो वारसा, नाहीतर ते भंगार, किलोच्या भावाचे. 2021 या एकाच वर्षात दोन्ही तऱ्हांना सरकारी चौकट मिळाली. जुलैत व्हिंटेज वाहनांच्या वेगळ्या नोंदणीचे नियम आले आणि ऑगस्टमध्ये वाहने मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. धुळे-जळगावकडच्या खळ्यांत आणि गोठ्यांच्या बाजूला उभी असते ती मात्र तिसरीच गाडी. वय तीस-पस्तीस, इंजिन दमलेले, हौद्याचा पत्रा पाझरणारा, चेसिस मात्र ठणठणीत. मोडीत घालावी इतकी ती संपलेली नाही आणि कापडाखाली जपावी इतकी अस्पर्शही राहिलेली नाही. तिला कामाला लावायचे असते. बेताच्या पैशांत अशी गाडी पुन्हा उभी करायला जी समज लागते, तिची आपल्याकडे पुरेशी कदर नाही. ती व्हावी म्हणून हा लेख.

या गाड्यांची वंशावळ थोडी सांगायला हवी. महिंद्रांनी 1949 मध्ये मुंबईच्या माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे त्याच घराण्यातून लांब चेसिसच्या, मागे हौदा असलेल्या जीपा निघाल्या. ड्रायव्हर इंजिनाच्या वर बसतो अशी एफसी-150 आली, तिच्यामागून एफसी-160 आली. 1988 मध्ये टाटांची 206 आणि तिच्या पाठोपाठ 207 आली. खानदेशाने यांतली कोणतीही गाडी हौस म्हणून घेतली नाही. रावेर-यावलच्या केळीच्या बागांमधून काळ्या मातीच्या वाटेने घड बाहेर काढायचे, कापसाच्या गाठोड्या बाजारात न्यायच्या, परतीच्या फेरीत खताच्या गोण्या आणायच्या, आणि आठवड्यातून एकदा त्याच हौद्यात ताडपत्री अंथरून अख्खे घर नातेवाइकाच्या लग्नाला न्यायचे. ज्याच्याकडे अशी गाडी होती त्याच्या घरी शेजाऱ्यांचा आजारी माणूस मध्यरात्री हक्काने यायचा. म्हणूनच ती विकताना घरातली म्हातारी माणसे हळहळतात.

आता खानदेशच्या हवेबद्दल. जुन्या गाडीचे काय खराब होणार हे मिस्त्रीच्याही आधी हवा ठरवते. कोकणात खारट दमट हवा चेसिस आतून खाऊन टाकते. बाहेरून सुबक दिसणाऱ्या गाडीचा पत्रा हाताने दाबला तर तुकडा हाती येतो. आपल्याकडे पाऊस बेताचा आणि हवा बहुतेक वर्षभर कोरडी. म्हणून जळगाव-धुळ्याची जुनी चेसिस पुष्कळदा आश्चर्य वाटावे इतकी निरोगी सापडते. पण भुसावळकडचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या आसपास तापतो आणि त्याची किंमत रबर मोजते. होजपाइप कडक होतात, ऑइल सील गळतात, वायरींवरचे आवरण बोटाने चुरगळते, ब्रेकची रबरे सुकतात. रेडिएटर निम्मा क्षाराने बुजलेला असतो, कारण वर्षानुवर्षे त्यात विहिरीचे जड पाणी ओतलेले असते. पुण्या-मुंबईच्या गाडीची यादी घेऊन इथली गाडी दुरुस्त करायला बसलात तर पैसे पत्र्यावर जातील आणि पहिल्या उन्हाळ्यात इंजिन तापून बसेल. इथे रेडिएटर उघडून त्याच्या नळ्या साफ करणे किंवा त्याचा कोअर बदलणे हे वरच्या क्रमाचे काम आहे, आणि संपूर्ण वायरिंग नव्याने ओढणे त्याच्या लगोलग. जुन्या वायरीला ठिकठिकाणी टेप गुंडाळून चालवणारे लोक मी पाहिले आहेत. आगीची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

इंजिनाबाबत मात्र खानदेश भाग्यवान आहे. महिंद्रांच्या जीपांमध्ये बसलेले एक डिझेल इंजिन मूळचे ट्रॅक्टरचे. 1963 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर सुरू झालेल्या भागीदारीतून बी-275 ट्रॅक्टर आला आणि त्याच्या इंजिनाचे रूप एमडी 2350 या नावाने जीपमध्ये उतरले. पुढचे 2523 सीसीचे डीआय इंजिनही त्याच घरचे. दोघांचा स्ट्रोक बरोबर चार इंच, म्हणजे 101.6 मिलिमीटर. दुसरे इंजिन पूजो कंपनीच्या परवान्यावरचे, एक्सडीपी 4.90. त्याच्या नावातच त्याचे माप आहे, चार सिलिंडर आणि 90 मिलिमीटरचा बोअर. ऐंशीच्या दशकातल्या एमएम 540 जीपमध्ये ते बसले. ट्रॅक्टर उघडणारा मिस्त्री खानदेशात मोठ्या गावागणिक आहे. त्याच्याही आधी किर्लोस्करांच्या ऑइल इंजिनांनी विहिरीच्या काठावर इथल्या शेतकऱ्यांच्या पोरांना डिझेलची धुळाक्षरे शिकवली. नोझल कसे काढायचे, हवा कशी काढायची, टॅपेट किती ठेवायचे, हे ज्ञान पाण्यासाठी आले आणि गाडीला कामी आले. शिवाय मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे ट्रकांच्या आधाराने उभी राहिलेली लेथवाल्यांची, कमानपाटेवाल्यांची, पंपवाल्यांची दुकाने शहरालगत आहेत. पिकअप दुरुस्त करणारा माणूस या ट्रकांच्या जगाचा पाहुणा असतो आणि तिथे त्याचे काम स्वस्तात होते.

क्रँकशाफ्ट लेथवर जातो तेव्हा काय घडते ते एकदा थांबून पाहावे. झिजलेला भाग घासून गोल करतात आणि जेवढा घासला तेवढे जाड बेअरिंग बसवतात. बाजारात त्याची मापे ठरलेली आहेत, दहाचे, वीसचे, तिसाचे. इंचाच्या हजाराव्या भागात ही मोजदाद चालते. म्हणजे कारखान्याने इंजिन बनवतानाच गृहीत धरले होते की हे झिजेल, कोणीतरी ते उघडेल, घासेल आणि पुन्हा चालवेल. एकदा नव्हे, तीनदा. सिलिंडरचे लायनरही बदलता येतात. दुरुस्ती ही त्या वस्तूच्या आराखड्यातच होती. माझ्या लेखी जुन्या पिकअपचे खरे मोल इथे आहे. तिची जुनी ढब डोळ्यांना गोड वाटते हे खरे, पण मला तिच्याबद्दल आदर वाटतो तो ती आपल्या मालकाला आणि मिस्त्रीला समर्थ माणसे मानते म्हणून. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्या धुराच्या बाबतीत नक्कीच चांगल्या आहेत. पण त्यांचा दोष स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही, आणि कळला तरी पुष्कळदा पूर्ण सुटा भागच बदलावा लागतो.

कमी पैसा हा या कामातला मोठा शिक्षक आहे. खिसा भरलेला असेल तर माणूस सगळे एकदम बदलतो आणि काय चांगले होते हे त्याला कधीच कळत नाही. पैसा थोडा असला की आधी ओळखावे लागते. हा गिअरबॉक्स अजून पाच वर्षे काढेल, हा स्टेअरिंग बॉक्स काढणार नाही. या पाट्यांना पुन्हा बाक देता येईल, तो तुटलेला पाटा मात्र नवाच हवा. असे एकेक ठरवताना गाडी समजत जाते. धुळ्याकडचा मिस्त्री अहिराणीत सांगतो, ‘पयले ब्रेक, मंग रंग.’ हा क्रम बहुतेक लोक उलटा लावतात, कारण रंग दिसतो आणि ब्रेक दिसत नाही. कन्नडहून चाळीसगावकडचा घाट किंवा शिरपूरच्या पुढे बिजासनचा घाट भरल्या हौद्याने उतरताना चारही ड्रम, व्हील सिलिंडर आणि पाइप नवे असण्याचे मोल कळते. त्यानंतर स्टेअरिंगचे बॉल जॉइंट आणि किंगपिन, त्यानंतर टायर, मग रेडिएटर आणि वायरिंग, मग इंजिन. हो, इंजिन इतक्या खाली. धूर काढत, कमी ताकदीने चालणारे इंजिन माणूस मारत नाही. न थांबणारी गाडी मारते. हाती असलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा कशालाही न लावता बाजूला ठेवावा, कारण इंजिन उघडल्यावर आत काय निघेल हे कोणताच मिस्त्री आधी सांगू शकत नाही, आणि सांगत असेल तर दुसरा मिस्त्री शोधावा.

मग येतो हौसेचा भाग, गाडी आपल्या मनासारखी करून घेण्याचा. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचे मंडी डबवाली गाव यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. लष्कराच्या लिलावातले भाग आणि नवे पत्रे जोडून तिथे रुंद टायरांच्या, उंच, दिमाखदार जीपा तयार होतात. त्यांच्या कसबाला माझा नमस्कार आहे. पण तो दिमाख खानदेशात आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कारण कायदाही आहे आणि कामही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, मूळ उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे ठामपणे सांगितले. त्यामुळे जीपची चेसिस कापून लांब करणे, भलतेच इंजिन बसवणे, बॉडीचा प्रकार बदलणे हे सगळे बाद. मला हा नियम मनापासून पटतो, निदान चेसिसच्या बाबतीत. वेल्डिंगने लांबवलेली चेसिस भार घेऊन खड्ड्यात आदळते तेव्हा जोड कुठे उकलेल हे सांगता येत नाही.

पण या चौकटीत राहूनही गाडी आपली करता येते. हौद्याच्या तळाला बाभळीच्या फळ्या बसवा, म्हणजे पत्रा वाचतो आणि केळीच्या क्रेट घसरत नाहीत. फाळक्याच्या साखळीला रबरी नळी चढवा, म्हणजे रात्री गावात शिरताना खडखडाट होत नाही. सीटचा फोम कमरेला आधार देईल असा भरून घ्या. तळपत्या उन्हासाठी केबिनच्या छताला आतून तरटाचे अस्तर लावा. रंग बदलायचा तर नोंदणीपत्रात तशी नोंद करून घ्या. गाडीला पाहून तिचा मालक काय पिकवतो हे कळावे; त्याच्याकडे किती पैसा आहे हे कळण्याची गरज नाही.

गाडी तीच राहिली हे कशावरून, असा प्रश्न इथे येतो. इंजिन बदलले, हौदा बदलला, चाके बदलली. परिवहन खात्याचे उत्तर सोपे आहे, चेसिसवर ठोकलेला क्रमांक. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी आणि नोंद लागते, पण चेसिस क्रमांक हीच गाडीची ओळख. म्हणून जुनी गाडी घेताना पत्र्यावर ठोकाठोकी करण्याआधी तो क्रमांक घासून वाचावा आणि कागदाशी ताडून पाहावा. अक्षर अक्षराशी जुळले नाही तर कितीही स्वस्त असली तरी ती गाडी सोडून द्यावी. व्हिंटेजच्या नियमांची ओळखीची कल्पना याहून कडक आहे. वय पन्नासच्या वर हवे, चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नको, आणि नोंदणी मिळाली तरी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे सन्मान मिळवायचा तर गाडीने काम सोडले पाहिजे. खानदेशच्या शेतकऱ्याला हा सौदा कधीच परवडणार नाही.

धुराचा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. पंपाचे कॅलिब्रेशन केले, नोझल नवे घातले, एअर फिल्टर स्वच्छ ठेवला, तर काळा धूर पुष्कळ कमी होतो. पण तीस वर्षांपूर्वीचे डिझेल इंजिन आजच्या मापाला पोहोचत नाही, हे मान्य केले पाहिजे. ज्याची गाडी रोज जळगाव-नाशिक फेऱ्या मारते त्याने जुनी गाडी धरून बसू नये. ते त्याच्याही हिताचे नाही आणि रस्त्यावरच्या लोकांच्याही. माझा आग्रह मळा ते गाव, गाव ते बाजार एवढेच चालणाऱ्या गाडीपुरता आहे. नवी पिकअप घडवायला लागणारे पोलाद, वीज आणि कर्जाचे हप्ते हेही कुठेतरी मोजायला हवेत. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या तपासणीत ब्रेक आणि धूर कसून पाहिले जावेत, आणि जी गाडी त्यात उतरेल तिला निव्वळ वयाची शिक्षा म्हणून वाढीव शुल्काचा भुर्दंड पडू नये. गाडीची तब्येत पाहावी, जन्मतारीख नव्हे.

तुमच्या खळ्यात अशी एखादी गाडी उभी असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एवढे करा. नोंदणीपत्र शोधा, चेसिस क्रमांक वाचा, आणि ट्रॅक्टर उघडणाऱ्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला गाडीखाली शिरायला लावा. जाताना घरातल्या शिकत्या पोराला किंवा पोरीलाही त्याच्या हाताखाली पाना धरायला पाठवा. हे मिस्त्री आता साठीत आहेत.