पुतळा आणि पेला

थोरांचे स्मरण करणे म्हणजे त्यांचे ऋण फेडणे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते ऋण बुडविण्याचाही तोच एक सोयीचा मार्ग असू शकेल, ही शंका मात्र आम्हांस जयपुरास बदली होऊन आल्यावर आली.

आमचे बिऱ्हाड येथील शास्त्री नगरात आहे. १४ एप्रिलच्या सायंकाळी निळ्या झेंड्यांची एक मिरवणूक घरावरून गेली. ट्रकवर बाबासाहेब आंबेडकरांची ती सर्वपरिचित प्रतिमा होती : निळा कोट, हाती घटनेचा ग्रंथ, उजव्या हाताचे बोट पुढे केलेले. गाणी हिंदी होती. तरी आम्हांस वामनदादा कर्डकांची आठवण झाली आणि परमुलखात आपले माणूस भेटल्याचा आनंद वाटला. सुशिक्षित मंडळी अशा प्रतिमांना व गाण्यांना नाक मुरडतात. आम्हांस ते पटत नाही. ज्यांना पिढ्यान् पिढ्या अक्षर नाकारले गेले, त्यांनी आपला इतिहास गळ्यात आणि चौकात जपला, यात उणे काय?

प्रश्न त्यांच्या स्मरणाचा नसून आमच्या स्मरणाचा आहे. आम्हा पांढरपेशांनी बाबासाहेबांची एकच ओळख पसंत केली, ती घटनाकाराची. जब्बार पटेलांचा चित्रपट पाहून आम्हीही मामुट्टीच्या अभिनयाची वाखाणणी करीत घरी आलो होतो. घटना सर्वांची, म्हणून तिच्या शिल्पकाराला वंदन करताना कोणालाच पदरचे काही द्यावे लागत नाही. महाडचे तसे नाही.

महाडची हकीकत आम्हा कारकुनांनी तर विशेष ध्यानात ठेवावी. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद पुरा झाला. पाणी होते तेथेच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा कोठे त्या कागदाला अर्थ आला. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली, तळ्याचे पंचगव्याने शुद्धीकरण झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृती जाळण्यात आली. तळ्याच्या दाव्याचा उच्च न्यायालयात निकाल लागावयास १९३७ साल उजाडले.

जयपुरात उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९ साली मनूचा पुतळा बसविण्यात आला. जवळच्याच चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे. एका नगराने दोघांनाही कसे सामावून घेतले, याचे नवागत मराठी माणसाला आश्चर्य वाटते. आम्हांसही वाटले होते. पण त्या सायंकाळी मिरवणूक दूर गेल्यावर आम्ही पाणी पिण्यास स्वयंपाकघरात गेलो आणि खिडकीच्या कठड्यावर उपडा घातलेला स्टीलचा पेला दिसला. जिना झाडणाऱ्या बाईचा तो पेला. तेथे तो कोणी ठेवला, हे विचारण्यात अर्थ नव्हता. दोन वर्षे आम्ही तो रोज पाहत होतो. नगराचे आश्चर्य करणाऱ्या आमच्या घरातही दोघांची सोय झालेली होती!

दुसऱ्या दिवशी आम्ही तो पेला घासून फळीवरच्या पेल्यांत मिसळला. बाई आली. उन्हाने तिचा घसा सुकला होता. तिने पाणी मागितले आणि सवयीने कठड्याकडे पाहिले. फळीवरचा कोणताही पेला घ्या, असे आम्ही म्हटले. ती क्षणभर घोटाळली. मग तिने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. आम्ही ओंजळीत पाणी ओतले.

महाडची ओंजळ हक्काची होती, ही संकोचाची. दोष तिचा नव्हे. आम्ही दोन वर्षे दिलेला धडा तिने एका सकाळीत कसा विसरावा? पेला आता फळीवरच असतो. तो ती आपणहून उचलीपर्यंत बाबासाहेबांच्या जयंतीस दोन शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही, असे आम्ही समजतो.